पाळण्यातलं नाव

"आमच्या जावयाचं मन किती मोठं आहे, ते तुम्हाला सांगतो," वृषालीचे वडील म्हणाले आणि त्यांनी हातातली पेढ्यांची ताटली टीपॉयवर ठेवली.

नाशिकला गंगापूर रोडवर त्यांचा बंगला होता. तिथं माझ्या भाचीचं बारसं होतं. पुढच्या खोलीत पुरुष बसले होते आणि आतल्या हॉलमध्ये पाळणा नि बायका. मी दोन्हीच्या मधल्या दारात उभी होते. माझा भाऊ सुधाकर सासऱ्यांच्या शेजारी सोफ्यावर होता. नवा सिल्कचा झब्बा, मांडीवर रुमाल.

"यांच्याकडे एक बाई कामाला होती. द्रुपदा नावाची," सासरे सांगू लागले. "म्हातारी. मागंपुढं कुणी नाही. चार महिन्यांपूर्वी वारली बिचारी. दुसरा एखादा असता तर गावाकडं निरोप धाडून मोकळा झाला असता. यांनी काय केलं? स्वतः अग्नी दिला! घरच्या मोलकरणीला! आजच्या काळात कोण करतं हो एवढं?"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी "धन्य आहे" म्हणालं.

मी सुधाकरकडं पाहत राहिले. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. नाही बोलला तरी निदान उठून आत येईल. त्यानं मान खाली घातली आणि हसला. कौतुक झालं की माणूस संकोचून हसतो ना, तसा.



"अहो आत्याबाई, तिकडं काय उभ्या? चला, तुमचा मान आहे," वृषालीची आई आतून ओरडली.

मी पाळण्याजवळ गेले. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरवून झाला होता. भिंतीवर थर्मोकोलची अक्षरं चिकटवून त्यांच्यावर गुलाबी ओढणी सोडलेली होती. मी नाव उच्चारलं की वृषालीच्या बहिणीनं ओढणी ओढायची, असं ठरलेलं. नाव अर्थातच आधीच ठरलं होतं. ऋजुता. आठ दिवसांपूर्वी वृषालीनं मला फोन करून ते दोनदा वदवून घेतलं होतं. "ऋ, ताई. रु नाही," असं बजावलंही होतं. मी सिन्नरजवळच्या शाळेत बारा वर्षं मराठी शिकवत होते, तरी ऐकून घेतलं. पहिलं बाळ होतं तिचं. हौस असते.

बाळ जागं होतं. बारा दिवसांचं तांबूस तोंड, मुठी घट्ट आवळलेल्या. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं. बायकांनी पद्धतीप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे घातले. त्यातला एक चांगला सणसणीत बसला. मी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं.

"मोठ्यानं सांगा! आम्हाला ऐकू येऊ द्या!"

मी सरळ उभी राहिले. पुढच्या खोलीतही जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "द्रुपदा."

वृषालीच्या बहिणीनं तोवर ओढणी ओढलीसुद्धा होती. भिंतीवर चकचकीत चांदीच्या कागदात मढवलेली ऋजुता दिसू लागली. दोन-तीन बायकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या.

वृषालीची आई सगळ्यात आधी सावरली. "अहो, ते त्या कामवाल्या बाईचं नाव. आता बाहेर विषय चालला होता ना, म्हणून तोंडात आलं. होतं असं. परत सांगा, चला."

"चुकून नाही आलं," मी म्हणाले. "मी नाव ठेवलंय. द्रुपदा."

वृषाली कानाला रुमाल बांधून खुर्चीत बसली होती. ती उठून उभी राहिली. "ताई, तुम्हाला वेड लागलंय का? माझ्या मुलीला मोलकरणीचं नाव? आणि तेही असं, आजीबाईंच्या काळातलं? शाळेत पोरं फाडून खातील तिला!"

"आत्याचा मान असतो म्हणून काय वाटेल ते ठेवायचं?" तिची मावशी म्हणाली.

"कशाचा राग काढताय हो बाळावर?" आणखी कुणीतरी.

राग होता हे खरंच होतं. मी काही बोलायच्या आत सुधाकर आला, त्यानं माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरातून मागच्या ओट्यावर नेलं. तिथं घुगऱ्यांचं पातेलं निवत ठेवलं होतं. त्यानं दार लोटून घेतलं.

"आत जा आणि नाव बदल," तो दात आवळून म्हणाला.

"नाही."

"ताई, हे माझ्या सासऱ्यांचं घर आहे. पन्नास माणसं बसलीत."

"म्हणून तर मोठ्यानं सांगितलं."

"काय मिळालं तुला? सांग ना, काय मिळालं? ती गेली. आता तिला कसला फरक पडतो?"

"तिला नाही पडत. मला पडतो. तू हसलास, सुधाकर. मोठं मन, मोठं मन म्हणून ते सांगत होते आणि तू हसलास!"

"मग काय करू? तिथं रडू?"

"नाही म्हणायचं होतंस. एवढंच. नाही, ती मोलकरीण नव्हती. चार शब्द. जीभ झडली असती?"

तो ओट्याच्या कठड्याला पाठ लावून उभा राहिला. चेहरा लाल झाला होता. मग एकदम माझ्याकडं बोट रोखून म्हणाला, "तू कोण मोठी खरं बोलणारी लागून गेलीस? लग्नपत्रिकेचा मजकूर कुणी लिहिला? मी? तुझं अक्षर आहे ते. आणि लग्नाच्या दिवशी 'मावशी, तू आत थांब, उगाच चर्चा नको' असं तिला कुणी सांगितलं? मी तर बोहल्यावर होतो!"

तो बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

"कुणाला आत थांबायला सांगितलं होतं?"

दार उघडलं होतं. वृषाली उंबऱ्यात उभी होती. बाळंतिणीनं एवढं उभं राहू नये, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"काही नाही. तू आत जा, तुला वारं लागेल," सुधाकर म्हणाला.

"कुणाला, ताई?"

"द्रुपदामावशीला," मी म्हणाले.

"ताई!" सुधाकर ओरडला.

"ओरड. अजून मोठ्यानं ओरड, सगळ्यांना कळू दे." मी वृषालीकडं वळले. "तुझ्या घरात जी भांडी घासत होती ना, वृषाली, ती तुझी सासू होती."

ती आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. तिला वाटलं असावं, मी खरंच भ्रमिष्ट झालेय.

मग मी सगळं सांगितलं. तिथं ओट्यावर उभ्यानं, घुगऱ्यांच्या पातेल्याशेजारी. सुधाकर मध्येच दोनदा "पुरे" म्हणाला. मी थांबले नाही.

आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि सुधाकर सव्वा वर्षाचा. आम्ही सिन्नरला राहायचो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, विडीच्या कारखान्यात विड्या तपासायला होते. त्याच कारखान्यात द्रुपदा विड्या वळायची. तिला नवऱ्यानं टाकलं होतं. त्यानं दुसरी बायको केली होती आणि हिला सोडचिठ्ठीही देत नव्हता. तिची जातही आमची नव्हती. आई गेल्यावर सहा महिन्यांनी अण्णा तिला घरी घेऊन आले. लग्न लागलं नाही, लागणं शक्यच नव्हतं. ती एक पत्र्याची पेटी नि विड्यांचं सूप घेऊन आली आणि राहिली. भाऊबंदांनी आमच्या घरचं पाणी बंद केलं.

ती आली त्या दिवशी सुधाकरला गोवर होता. तिनं पेटी ठेवली आणि त्याला उचललं. पुढची तीन वर्षं तिच्या एका मांडीवर सूप असायचं आणि दुसऱ्या मांडीवर हा. तंबाखूच्या वासाशिवाय याला झोप यायची नाही. दिवसाला हजार विड्या वळायची, दोऱ्यानं बोटांना घट्टे पडलेले, आणि त्याच बोटांनी याला घास भरवायची. हा तिला आई म्हणायचा.

"पाचवीपर्यंत," मी म्हणाले. "मग आमच्या चुलत्यांनी याला चार माणसांत सांगितलं, ती तुझी आई नाही, बापानं ठेवलेली बाई आहे. त्या दिवसापासून यानं आई म्हणणं टाकलं. आधी मावशी म्हणायला लागला. डिप्लोमाला गेल्यावर तेही म्हणेना."

अण्णा गेले तेव्हा सुधाकर दहावीत होता. त्याचं पुढचं सगळं शिक्षण द्रुपदाच्या विड्यांवर झालं. माझं लग्नही. तिच्या छातीत तंबाखूची धूळ भरली होती, खोकून खोकून डोळ्यांत पाणी यायचं, पण सूप सुटलं नाही. याला नाशिकला नोकरी लागली तेव्हा आख्ख्या गल्लीला ती साखर वाटत फिरली. काहींनी घेतली, काहींनी नाही.

मग वृषालीचं स्थळ आलं. मोठं घर, वडील सरकारी अधिकारी. ते गावात चौकशी करणार असं कळल्यावर सुधाकर हादरला. मला म्हणाला, ताई, हे समजलं तर लग्न मोडेल. मी म्हणाले नाही की मोडू दे. मी म्हणाले, बघू काहीतरी. आणि आम्ही बघितलं. आईवडील दोघंही वारले, थोरल्या बहिणीनं सांभाळलं, असं सांगितलं. म्हणजे मी. चौकशीला चुलत्यांचा पत्ता दिला; घराण्याची अब्रू म्हणून त्यांनीही तेच सांगितलं. पत्रिकेचा मजकूर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला. त्यात माझं नाव होतं, माझ्या नवऱ्याचं होतं, आमच्या घरी पाऊल न टाकणाऱ्या चुलत्यांचंही होतं.

"आणि त्या?" वृषालीनं विचारलं.

"ती म्हणाली, मला काय करायचंय कागदावर नाव? पोराचं चांगलं झालं म्हंजे झालं. लग्नात ती कार्यालयाच्या मागच्या खोलीत होती, लसूण सोलत. मीच तिला तिथं बसवलं. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर मी मूठभर अक्षता नेऊन दिल्या. भिंतीच्या पलीकडं बोहलं होतं. तिनं त्या भिंतीवर टाकल्या. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत, जपून, चिमूट-चिमूट."

सुधाकरनं तोंड फिरवलं.

"तुमचा फ्लॅट झाल्यावर हा तिला घेऊन आला. तुला काय सांगितलं, ते तुला माहीत आहे. जुनी बाई आहे, विश्वासाची आहे, स्वयंपाक-भांडी करेल. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, मावशी, माझ्याकडं चल, पोराच्या घरी मोलकरीण होऊन राहणार का तू? तर म्हणते, अगं, डोळ्यापुढं राह्यलं ना लेकरू. भांडी काय, तिकडंबी घासतच व्हते."

वृषाली ओट्यावरच खाली बसली. मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला.

आतून बायकांची कुजबुज ऐकू येत होती. बाळ रडायला लागलं होतं, कुणीतरी पाळणा जोरजोरात हलवत होतं.

"दिवाळीत मी त्यांना साडी दिली," वृषाली म्हणाली. ती आमच्याकडं बघत नव्हती. "माझी वापरलेली. काठाला फाटली होती थोडी. त्या म्हणाल्या, लई चांगली आहे, बाई. मला बाई म्हणायच्या. मी कधी म्हटलं नाही की नका म्हणू." मग थोड्या वेळानं, "उलट्या होत होत्या तेव्हा माझे पाय चेपायच्या. रोज. मी चेपून घेतले. त्यांचा कप वेगळा होता. खिडकीत ठेवलेला. तो मीच वेगळा ठेवला होता, खोकतात म्हणून."

"वृषाली, तुला माहीत नव्हतं, त्यात तुझी काही..." सुधाकर पुढं झाला.

"तुला माहीत होतं!"

लग्नाला अडीच वर्षं झाली होती. इतक्या दिवसांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलेलं मी ऐकलं नव्हतं. सगळ्यांदेखत अहो, घरात आम्हीच असलो तरी अहो.

"तू रोज समोर बसून जेवत होतास. त्या वाढत होत्या. मी त्यांना म्हणायचे, पोळी गरम नाही. आणि तू ऐकत बसायचास. दीड वर्ष! मी काय राक्षसीण आहे का? मला सांगितलं असतंस तर मी काय घर सोडून गेले असते?"

"तुझ्या वडिलांनी..."

"माझ्याशी लग्न केलंस की माझ्या वडिलांशी? माझ्या हातून करून घेतलंस हे सगळं. मला पापी केलंस आणि स्वतः अग्नी देऊन मोठ्या मनाचा झालास!"

त्यानं रुमालानं मान पुसली.

मग ती माझ्याकडं वळली. मला वाटलं होतं, निदान माझ्याबद्दल तिला बरं वाटलं असेल. "आणि तुम्ही, ताई. दर महिन्याला यायचात. माझ्यासमोर त्यांच्या हातचा चहा घ्यायचात. तुम्हालाही तोंड होतंच की."

मी म्हणाले, "होतं."

"मग आजच कसं उघडलं? त्या गेल्यावर?"

मोठ्या आवाजात नाव घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, मी फार धाडस केलं. पन्नास माणसांसमोर भावाला उघडं पाडलं. पण ते धाडस मी लग्नाच्या मांडवात करायला हवं होतं, माणूस जिवंत असताना.

वृषाली भिंतीला धरून उठली. रुमाल कानावरून सुटला होता, तो तिनं तसाच खांद्यावर टाकला आणि आत गेली. आम्ही दोघं मागोमाग गेलो. हॉलमध्ये आता पुरुषही आले होते. वृषालीनं पाळण्यातलं बाळ उचललं. मग तशीच भिंतीशी गेली आणि एका हातानं थर्मोकोलचं पहिलं अक्षर उपटलं. चांदीचा कागद टरकन फाटला. दुसरं उपटलं. तिची बहीण "अगं, अगं" करत राहिली.

"नाव द्रुपदाच राहील," ती म्हणाली.

"वृषाली, काय पोरखेळ चालवलाय?" वडील म्हणाले. "त्या बाईला अग्नी दिला, पुण्य झालं. त्यापुढं हे काय? मुलीला मोलकरणीचं नाव?"

"आजीचं नाव आहे, बाबा."

"कुणाची आजी?"

"हिची. तुमच्या जावयांनी मोलकरणीला नाही अग्नी दिला. आईला दिला. विचारा त्यांना."

सगळ्या माना सुधाकरकडं वळल्या. मघाशी धन्य आहे म्हणणारे गृहस्थ अगदी त्याच्या समोर उभे होते. आता तरी तो बोलेल असं मला पुन्हा एकदा वाटलं. एवढी उघडी संधी माणसाला आयुष्यात कितीदा मिळते?

तो म्हणाला, "नंतर बोलू."

आणि चपला पायात अडकवून पायऱ्या उतरून गेला.

कार्यक्रम तसाच विस्कटला. कुणी जेवून गेलं, कुणी घुगऱ्यांची पुडी घेऊन. वृषालीचे वडील आपल्या खोलीत जाऊन बसले, ते बाहेर आले नाहीत. आपल्याला फसवलं, याचा त्यांना संताप होता. जिला लपवून लसूण सोलायला बसवलं तिच्याबद्दल कुणालाच काही वाटलं नाही. पुढं वर्षभर त्यांनी जावयाचं तोंड पाहिलं नाही. लग्न मात्र मोडलं नाही. ज्या भीतीनं हे सगळं केलं, ती भीतीच खोटी निघाली.

पंधरा दिवसांनी वृषालीनं मला फोन केला. दोनच वाक्यं बोलली. "जन्माच्या दाखल्यावर नाव घालायला जायचंय. हे येत नाहीत, तुम्ही या."

महापालिकेच्या कार्यालयात खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "टोपणनाव नको, मॅडम. खरं नाव लिहा."

"हेच खरं आहे," वृषाली म्हणाली.

"नंतर बदलायला फार त्रास होतो. आजकाल अशी नावं कुणी ठेवत नाही, म्हणून सांगितलं."

"तुम्ही शिक्का मारा," ती इतक्या धारेनं म्हणाली की त्यानं मुकाट्यानं मारला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, चला, आता आमच्यातलं मिटलं. मी म्हटलं, चहा घेऊ या? ती म्हणाली, "मला अजून तुमच्याबरोबर चहा घेववत नाही, ताई." रिक्षा केली आणि निघून गेली. पुढं दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी त्याबद्दल तिला कधी दोष दिला नाही.

मुलगी मोठी होत गेली. वृषाली तिला पूर्ण नावानं हाक मारायची. सुधाकरनं मात्र पहिल्या महिन्यातच तिची दीपू करून टाकली. ऑफिसात विचारलं तर "दीपा" सांगायचा. त्याच्या तोंडून तिचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही.

ती अकरा वर्षांची असताना मे महिन्यात माझ्याकडं सिन्नरला राहायला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेंगा फोडत बसले होते, ती समोर येऊन बसली आणि एकदम म्हणाली, "आत्या, माझं असलं नाव तू ठेवलंस ना?"

"हो."

"वर्गातली पोरं म्हणतात, द्रुपदाबाई, आज भांड्यांना येणार का? आईला विचारलं तर आई म्हणाली, नाव ज्यांनी ठेवलं त्यांनाच विचार. पूर्ण विचार, म्हणाली."

मी तिला पूर्ण सांगितलं. वृषालीला सांगितलं त्याहून जास्त सांगितलं, कारण त्या दिवशी ओट्यावर मी माझ्या वाट्याचं थोडक्यात उरकलं होतं. सगळं संपल्यावर विचारलं, "बाबा तिला पाचवीपर्यंत आई म्हणायचे. तू काय म्हणायचीस?"

"मावशी."

"एकदाही आई नाही?"

"नाही."

"का?"

मी म्हणणार होते की माझी आई मला आठवत होती, तिची जागा कुणाला द्यावीशी वाटली नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ते जमेना. "मला तिची लाज वाटायची," मी म्हणाले.

तिनं एक शेंग उचलली, परत ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला दोघांना तिला नीट हाक मारता आली नाही, म्हणून नाव मला दिलं."

त्या बोलण्यात राग होता, आणि तो तिला शोभत होता. मी शेंगा फोडत राहिले.

रविवारी सुधाकर तिला न्यायला आला. फाटकाबाहेर गाडी उभी करून त्यानं तिथूनच हाक मारली, "दीपू, चल! ऊन व्हायच्या आत निघू."

ती पडवीत पायऱ्यांवर बसली होती, पिशवी भरून शेजारी ठेवलेली. तिनं मान वर केली नाही.

"दीपू!"

ती तशीच बसून राहिली. त्यानं फाटक उघडलं, अंगणात आला. "काय गं, ऐकू येत नाही?"

"ते माझं नाव नाही," ती म्हणाली.

सुधाकरनं माझ्याकडं पाहिलं. मी दारात उभी होते. मी काही शिकवलेलं नाही, असं सांगायची मला गरज वाटली नाही. केस पिकायला लागले होते त्याचे. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन बघायला लागल्या. सिन्नरच्याच, द्रुपदाला ओळखणाऱ्या. त्यातल्या एकीनं त्या काळी साखर परत केली होती.

"असं काय करतेस? चल ना, बाळा."

ती पायऱ्यांवरून हलली नाही.

त्यानं कुंपणाकडं पाहिलं. एकदा घसा खाकरला. मग म्हणाला, "द्रुपदा."

आवाज फुटला होता, पण शब्द स्पष्ट आला. कुंपणापलीकडच्या बायकांनाही ऐकू गेला.

"आले, बाबा," ती म्हणाली. उठली, पिशवी घेतली, माझ्या पाया पडली आणि गाडीत जाऊन बसली.

तो मात्र अंगणातच उभा राहिला, दोन्ही हात लोंबते सोडून. रडत होता. मला त्याची दया यायला हवी होती. मोठी बहीण मी, तोही माझ्याच हातावर वाढलेला. पण आली नाही, ना त्याची, ना माझी.

मी त्याला चहाला आत बोलावलं नाही.